तेराला घाबरून शटलचं नाव बदललं? मानवी अवकाशमोहिमांच्या आकड्यांचा घोळ

खगोलखुळा

एसटीएस-१ ते एसटीएस-९ असं सरळ रांगेत चाललेलं नासाचं स्पेस शटल (एसटीएस म्हणजे शटलच्या मोहिमांच्या नावातली अक्षरं) दहाव्या उड्डाणाला एकदम एसटीएस-४१-बी झालं. साल १९८४. पुढे ४१-सी, ४१-डी, मग ई आणि एफ गायब होऊन ४१-जी, त्यानंतर ५१-ए. १९८६ मध्ये चॅलेंजर या शटलचा अपघात झाला आणि १९८८ साली उड्डाणं परत सुरू झाली तेव्हा मुकाट्याने एसटीएस-२६!

यामागे सांगितली जाणारी गोष्ट अशी, की चंद्राकडे जाताना स्फोट झालेल्या अपोलो १३ चा धसका घेतलेल्या नासाला 'एसटीएस-१३' हे नाव काही केल्या नको होतं. त्या वेळचे नासाप्रमुख जेम्स बेग्ज यांना तेराचं वावडं आहे, असं अंतराळवीरांमध्येच बोललं जायचं म्हणे. चंद्रावर माणसं उतरवणारी संस्था एका आकड्याला घाबरते, हे मला पचत नाही. पण गोष्ट इतकी चविष्ट आहे की सोडवतही नाही.

तर प्रश्न दोन. नावं बदलण्यामागे खरंच तेराची भीती होती का? आणि बाकीच्या देशांनी, आपल्या इस्रोने, या बाबतीत काय केलं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. बाकीच्यांनी टाइमपास केला तरी चालेल.

रात्रपाळी

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कोथिंबीरवडी

आमच्या टॉवरमध्ये १२ नंतर १२-ए आणि मग १४. बिल्डरचं म्हणणं, तेराव्या मजल्यावरचे फ्लॅट लवकर उठत नाहीत. १२-ए मधल्या काकूंना आपण तेराव्यावर राहतो हे पक्कं ठाऊक आहे, पण लिफ्टचं बटण तसं म्हणत नाही ना, मग झालं. नासाने हेच केलं असेल तर एवढं काय बिघडलं?

शून्यगुरुत्व

'१३ टाळलं' म्हणताना एक गोष्ट राहून जाते. तोवर मूळ क्रमांकांची वाट आधीच लागलेली होती. एसटीएस-१० ही संरक्षण खात्याची मोहीम. तिला जे वरच्या टप्प्याचं रॉकेट लागणार होतं, त्याने एप्रिल १९८३ मध्ये एसटीएस-६ च्या वेळी दगा दिला, म्हणून १० लांबली. १२ रद्द झाली. म्हणजे ९ नंतर उडणार ११, आणि तिच्या पाठोपाठ थेट १३.

पत्रिका छापून झाल्यावर मुहूर्त बदलावा तसं हे आहे. क्रमांक द्यायचे मोहीम ठरताना, आणि उड्डाण व्हायचं उपग्रह, रॉकेट, हवामान सगळं जुळेल तेव्हा. वर्षाला डझनावारी उड्डाणं करायची स्वप्नं होती, त्यात हा गोंधळ वाढतच गेला असता. म्हणून नवी पद्धत काढली. पहिला अंक अमेरिकी आर्थिक वर्षाचा, म्हणजे १९८४ चा ४. दुसरा अंक उड्डाणस्थळाचा: १ म्हणजे फ्लोरिडातलं केनेडी, २ म्हणजे कॅलिफोर्नियातलं व्हॅन्डनबर्ग. आणि अक्षर त्या वर्षातल्या नियोजित क्रमाचं. व्हॅन्डनबर्गवरून एकही शटल कधी उडालं नाही, त्यामुळे तो दुसरा अंक शेवटपर्यंत १ च राहिला.

रात्रपाळी

आर्थिक वर्षावरून यानाचं नाव! हे नक्की अकाउंट्समधल्या माणसाचं डोकं. मार्चएंडला उड्डाणं बंद ठेवत असतील.

तळटीप

@रात्रपाळी, तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं.

आणि घोळ मिटावा म्हणून काढलेल्या या पद्धतीने घोळ वाढवलाच. ५१-डी ही ५१-बी च्या आधी उडाली. चॅलेंजरची शेवटची मोहीम ५१-एल, म्हणजे १९८५ च्या हिशेबातली. ती निघाली २८ जानेवारी १९८६ ला, आणि तिच्या आधी त्याच महिन्यात ६१-सी जाऊन परतही आली होती. तेव्हा 'सोयीसाठी बदललं' हे स्पष्टीकरण मला तरी अपुरं वाटतं. सोय कोणाची झाली?

मीनल_ह्यूस्टन

खरी गंमत पुढे आहे. ज्या मोहिमेचं मूळ नाव एसटीएस-१३ होतं ती उडाली ४१-सी या नावाने, ६ एप्रिल १९८४ ला. कमांडर बॉब क्रिपेन. वरून नाव बदलून आलं तरी या पाच जणांनी ते गुपचूप मानलं नाही. सूटवर लावायचा मोहिमेचा अधिकृत बिल्ला होताच, पण यांनी स्वतःसाठी दुसरा बनवून घेतला, त्यावर काळं मांजर आणि ठळक १३!

आणि उतरले कधी? शुक्रवार, १३ एप्रिल. उतरायचं होतं फ्लोरिडात, तिथे हवामान बिघडलं म्हणून कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर उतरले, एकदम सुखरूप.

भाऊकाका_सातारा

थट्टा पुरे. अपोलो १३ चं उड्डाण ११ एप्रिल १९७० ला, ह्यूस्टनच्या घड्याळात दुपारी १ वाजून १३ मिनिटांनी. रेल्वेच्या पद्धतीने लिहा, १३:१३. उड्डाणतळ ३९-ए, आणि ३९ म्हणजे तेर त्रिक. स्फोट कधी? १३ तारखेला रात्री. एवढं सगळं जुळून येतं तेव्हा आमच्या पिढीला दोन मिनिटं थांबावंसं वाटतं. तुम्हा लोकांना सगळंच योगायोग वाटतं.

रात्रपाळी

काका, अपोलोत तीन माणसं असायची. तीन तिघाडा काम बिघाडा. तेरा बिचारा उगाच बदनाम.

अवांतर_अण्णा

अपोलो ११ मध्येही तीनच होते रे. आणि तळही ३९-ए च.

शून्यगुरुत्व

भाऊकाका, आदर ठेवून असहमत. अपोलो १३ च्या चौकशीत जे बाहेर आलं ते कुठल्याही अपशकुनापेक्षा भयानक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फुटली ती दोन नंबरची ऑक्सिजनची टाकी. ती आधी अपोलो १० च्या यानात बसवली होती. तिथून काढताना ती साधारण दोन इंच घसरून आपटली. तपासली, ठीक वाटली, १३ मध्ये बसवली. उड्डाणाआधीच्या चाचणीत ती नेहमीच्या पद्धतीने रिकामी होईना. म्हणून आतला हीटर तासन्‌तास चालू ठेवून ऑक्सिजन उकळून बाहेर काढला. या हीटरला जास्त तापल्यावर बंद पडणारा थर्मोस्टॅट होता, पण तो २८ व्होल्टसाठी बनवलेला. जमिनीवरची वीज ६५ व्होल्टची. व्होल्टेज बदलायचं ठरलं तेव्हा तो एक भाग बदलायचा राहून गेला. त्याचे संपर्कबिंदू चिकटून बसले आणि हीटर बंदच झाला नाही. आतलं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं असावं असा नंतरचा अंदाज. बाहेरच्या तापमापकाची पट्टी मात्र २७ अंशांपर्यंतच होती, त्यामुळे बघणाऱ्याला सगळं आलबेल. तारांवरचं टेफ्लॉन जळून गेलं. मग अवकाशात टाकीतला पंखा चालू केला, ठिणगी पडली.

हे यान १२ नंबरचं असतं तरी फुटलं असतं.

४१-सी चंही तसंच. सोलर मॅक्स नावाचा बिघडलेला उपग्रह पकडून दुरुस्त करायचा होता. अंतराळवीर जॉर्ज नेल्सन पाठीवरच्या जेटने उडत त्याच्यापर्यंत गेला, पकडीचं उपकरण टेकवलं, लागेना. परत टेकवलं, लागेना. शेवटी हाताने पॅनल धरायला गेला तर उपग्रहच गरगरायला लागला. कारण काय? उष्णतारोधक चादर अडकवायचं एक बारकंसं बोंड, ज्या खुंटीला पकडायचं तिच्याजवळ होतं आणि ते नकाशावर दाखवलेलंच नव्हतं. दोन दिवसांनी यानाच्या यांत्रिक हाताने उपग्रह पकडला आणि दुरुस्त करून सोडला.

कोथिंबीरवडी

बाप रे, ते तापमापकाचं वाचून काटा आला अंगावर.

गोंयकार_बाब

सगळ्या ख्रिस्ती जगाला तेरा अशुभ वाटतो असं कुणी समजू नका हां. आमच्याकडे गोव्यात सांत आंतोनीचं फेस्त १३ जूनला. फातिमा सायबिणीचा दिवस १३ मे. गावात त्या दिवशी जेवणं, बँड, गर्दी. तेरा तारीख बघून कुणी घरात बसत नाही.

अवांतर_अण्णा

आपल्याकडेही धनत्रयोदशी आहेच की. त्याच दिवशी लोक सोन्याच्या दुकानात रांगा लावतात. तेरावं म्हटलं की मात्र चेहरा बदलतो.

लालतारा

आता रशियाकडे वळू, कारण आकड्यांची खरी लबाडी तिथे झाली.

तेराची त्यांना फिकीर नव्हती. त्यांचं सोयूझ १३ हे यान डिसेंबर १९७३ मध्ये बिनबोभाट जाऊन आलं. पुढे सोयूझच्याच नव्या आवृत्त्यांतली टीएम-१३, टीएमए-१३, एमएस-१३ सगळी उडाली. पण फसलेल्या मोहिमेचा क्रमांक मोजायचाच नाही, ही त्यांची जुनी खोड. मे १९७३ मध्ये साल्यूत मालिकेतलं एक अवकाशस्थानक कक्षेत पोचून निकामी झालं, तर त्याचं नाव पडलं कॉसमॉस ५५७. जणू दुसराच कुठला तरी उपग्रह.

माणसं असतानाही हेच. ५ एप्रिल १९७५ ला लाझारेव आणि माकारोव निघाले ते सोयूझ १८ म्हणून. रॉकेटचे टप्पे नीट सुटले नाहीत, कुपी अर्ध्यातून खाली आली आणि अल्ताई पर्वताच्या बर्फाळ उतारावर आदळली. दोघे वाचले. पुढच्या महिन्यात दुसरं यान गेलं, तर तेच सोयूझ १८! आधीच्याला नुसतं '५ एप्रिलची विसंगती' म्हणायचं. या नव्या १८ चा कमांडर क्लिमुक, जो सोयूझ १३ चाही कमांडर होता. तेराही घेतला आणि दुसऱ्याचा फसलेला आकडाही घेतला. माणूस ठणठणीत परत आला.

तसंच सप्टेंबर १९८३ मध्ये. तितोव आणि स्ट्रेकालोव यानात बसलेले असताना तळावरच रॉकेटने पेट घेतला. सुटकेच्या रॉकेटने कुपी ओढून बाजूला नेली आणि काही सेकंदांत खाली सगळा तळ भडकला. ते यान सोयूझ टी-१० व्हायचं होतं. मग फेब्रुवारी १९८४ मध्ये जे पुढचं यान गेलं त्यालाच टी-१० हे नाव दिलं.

आता जोडा पुढचं. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले टी-११ मधून. त्यांच्यासोबत फ्लाइट इंजिनिअर कोण? तोच स्ट्रेकालोव, सहा-सात महिन्यांपूर्वी आगीतून निसटलेला. आणि परत आले ते टी-१० मधून. म्हणजे ११ ने जाऊन १० ने परत.

खगोलखुळा

दंडवत घ्या लालतारा! स्ट्रेकालोवचं हे माहीतच नव्हतं.

मीनल_ह्यूस्टन

तारखा बघितल्या का? राकेश शर्मा ३ ते ११ एप्रिल १९८४ वर होते. काळ्या मांजराच्या बिल्ल्यावाले ६ ते १३ एप्रिल. म्हणजे मधले काही दिवस दोघेही एकाच वेळी अवकाशात! साल्यूत ७ वर सहा आणि शटलमध्ये पाच, एकूण अकरा माणसं. तोवरचा विक्रम होता तो.

रात्रपाळी

खाली 'सारे जहाँ से अच्छा' आणि बाजूने मांजर आडवं गेलं.

लालतारा

रशियन लोक बाकी शकुन-अपशकुन मानतात बरं का, भरपूर. उड्डाणाला जाताना बस थांबवून चाकावर लघुशंका करायची, कारण गागारिनने केली होती. झाड लावायचं. रॉकेट तळावर नेताना त्या मोहिमेच्या वीरांनी ते बघायचं नाही. आणि २४ ऑक्टोबरला बैकानूरहून उड्डाण नाही. १९६० साली त्या दिवशी तळावरच क्षेपणास्त्र फुटून खूप माणसं गेली, त्यात मार्शल नेदेलिनही. तीन वर्षांनी त्याच तारखेला पुन्हा आग लागून माणसं मेली.

भाऊकाका_सातारा

बघा. आकडा नाही तर तारीख, पण पाळतात.

शून्यगुरुत्व

त्यात आणि तेरात मला फरक वाटतो, काका. २४ ऑक्टोबरला नाव-गाव असलेली माणसं गेलीत. नासाही जानेवारीच्या शेवटी स्मरणदिन पाळते. अपोलो १ ची आग २७ जानेवारी, चॅलेंजर २८ जानेवारी, कोलंबिया १ फेब्रुवारी.

अपोलो १ चं नावही त्याच भावनेतून आलंय. कागदावर ती चाचणी एएस-२०४ होती. ग्रिसम, व्हाइट आणि शॅफी हे अंतराळवीर त्या आगीत गेल्यावर त्यांच्या पत्नींनी विनंती केली, की अपोलो १ हे नाव यांच्यासाठीच राखून ठेवा. नासाने ते मानलं. पुढचं उड्डाण थेट अपोलो ४. अपोलो २ आणि ३ या नावाचं काही उडालंच नाही. या वगळलेल्या आकड्यांना कोणी अंधश्रद्धा म्हणणार नाही.

अवांतर_अण्णा

ग्रिसमवरून आठवलं. अमेरिकेची माणसं पहिल्यांदा अवकाशात गेली त्या मर्क्युरी मोहिमांच्या सगळ्या कुप्यांच्या नावात ७. फ्रीडम ७, लिबर्टी बेल ७, फ्रेंडशिप ७... शेपर्डची फ्रीडम ७ ही कुपी कारखान्यातली सातवी होती, आणि अंतराळवीरही सात, म्हणून बाकीच्यांनी तो ७ तसाच पुढे चालवला. ग्रिसमची लिबर्टी बेल समुद्रात बुडाली, तो स्वतः कसाबसा वाचला. तर पुढच्या जेमिनी ३ ला त्याने नाव दिलं मॉली ब्राउन, टायटॅनिकमधून वाचलेल्या बाईवरून. साहेब लोकांनी नाक मुरडलं, दुसरं नाव सुचव म्हणाले. हा म्हणाला, मग 'टायटॅनिक' ठेवू? मॉली ब्राउनच राहिलं. त्यानंतर मात्र यानांना नावं देणंच बंद केलं, ते अपोलो ९ पर्यंत.

तळटीप

मर्क्युरीनंतरच्या जेमिनी मोहिमांचेही क्रमांक बघा. ६ ने ज्याला गाठायचं ते लक्ष्ययान ऑक्टोबर १९६५ मध्ये फुटलं, म्हणून ६ थांबली. आधी ७ गेली, मग ६-ए गेली, सातला भेटली आणि सातच्या आधी परतही आली. एकूण जेमिनी १२ वरच थांबल्या, म्हणून तेराचा प्रश्न आला नाही.

अमेरिकेच्या स्कायलॅब या अवकाशस्थानकाचं तर विचारूच नका. रिकामं स्थानक स्कायलॅब १, म्हणून पहिले तीन अंतराळवीर गेले ते स्कायलॅब २. पण त्यांच्या बिल्ल्यावर रोमन एक!

कोथिंबीरवडी

म्हणजे तेरा नसतानाही यांना धड मोजता येत नव्हतं. :)

रात्रपाळी

चीनचं काय? तिकडे चार अशुभ ना?

लालतारा

हो. पण त्यांच्या यानाचं शेनझोऊ ४ हे नाव त्यांनी टाळलं नाही. २००२ च्या डिसेंबरात उडालं, माणसांशिवाय. पहिला माणूस गेला ५ मधून, २००३ मध्ये. आणि शेनझोऊ १३ ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२, सहा महिने. त्यात वांग यापिंगने स्पेसवॉक केला, चिनी महिलेचा पहिला.

खगोलखुळा

इस्रोवर कोणीच बोलेना. मीच सुरुवात करतो. इस्रोचं रॉकेट पीएसएलव्ही-सी१२ उडालं एप्रिल २००९ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरात सी१४. सी१३ कुठे गेलं?

रात्रपाळी

१२-ए वर राहायला गेलं.

भाऊकाका_सातारा

इस्रोचं शहाणपण आहे ते. तिरुपतीला चांद्रयान-३ ची छोटी प्रतिकृती घेऊन गेले होते, उतरलंच ना व्यवस्थित?

शून्यगुरुत्व

चांद्रयान-२ च्या वेळीही प्रार्थना झाल्याच असतील, काका. लँडर आपटलं, कारण शोधलं, दुरुस्त केलं, म्हणून तीन उतरलं.

सी१३ बद्दल वर्तमानपत्रांत तेराच्या भीतीची चर्चा झाली होती, आणि मलाही तोच संशय येतो. पण इस्रोचेही क्रमांक सरळ रांगेत नाहीत. सी१० जानेवारी २००८ मध्ये उडालं आणि सी९ त्यानंतर एप्रिलमध्ये. फरक इतकाच, की सी९ उशिरा का होईना उडालं.

दुसरीकडे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला गेलं, मंगळवारी! शुभ कामाला मंगळवार टाळणारे आपल्याकडे कमी नाहीत. इथे पृथ्वी-मंगळाच्या जागा ठरवतात कधी निघायचं ते, पंचांग नाही.

गोंयकार_बाब

मंगळाला जायला मंगळवारच बरा मरे!

कोथिंबीरवडी

@शून्यगुरुत्व, तुमचं पटतं, तरी एक सांगते. माझा भाऊ कारखान्यात मेंटेनन्सला आहे. नवं मशीन चालू करताना नारळ फोडतात आणि नंतर चेकलिस्टही पूर्ण भरतात. नारळ फोडला म्हणून कोणी चेकलिस्ट सोडत नाही. तिकडे कॅलिफोर्नियात नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतले लोक उड्डाणाच्या वेळी शेंगदाणे खातात ना? तसंच हे.

मीनल_ह्यूस्टन

हो, चंद्राकडे पाठवलेली रेंजरची पहिली सहा यानं फसली, सातव्याच्या वेळी, १९६४ मध्ये, कोणीतरी कंट्रोल रूममध्ये शेंगदाणे वाटले आणि यान यशस्वी झालं. तेव्हापासून प्रथा. शटलवाल्यांचीही एक होती. सूट घातल्यावर कमांडरने पत्ते खेळायचे, आणि तो हरल्याशिवाय यानाकडे निघायचं नाही. वाईट नशीब इथेच संपवून जायचं.

शून्यगुरुत्व

शेंगदाण्यांना माझी हरकत नाही, नारळालाही नाही. कागदावरचा क्रमांक भीतीने बदलला की पुढे नोंदी शोधणाऱ्याच्या डोक्याला ताप होतो. कोलंबियाची शेवटची मोहीम एसटीएस-१०७. ती उडाली ११३ च्या नंतर, आणि शटलचं ते ११३ वं उड्डाण होतं. कल्पना चावलाबद्दल वाचताना कित्येकांचा इथे गोंधळ होतो.

भाऊकाका_सातारा

११३. म्हणजे तेरा आलाच.

तळटीप

एसटीएस-११३ सुखरूप परतली होती, काका. आणि ५१-एल मध्ये, शटलच्या २५ व्या उड्डाणात, २८ तारखेत, कुठेच तेरा नव्हता.

खगोलखुळा

मूळ प्रश्नाकडे येतो. सगळं वाचून माझं मत असं झालंय, की क्रमांकांचा बोजवारा खरा होता आणि तेराचं वावडंही खरं असावं. बोजवारा नसता तर नुसत्या वावड्यापायी अख्खी पद्धत कोणी बदलली नसती. आणि वावडं नसतं तर बदल नेमका १३ दारात उभा असताना झाला नसता. फायलीवर 'नियोजनाची सोय' लिहायला जागा होती, ती साधून घेतली. ज्यांचा जीव पणाला होता त्यांना मात्र तेरा हवा होता. मांजरासकट.

तळटीप

एक राहिलंच. नावं काहीही द्या, मोजायला बसलं तर शटलचं प्रत्यक्षातलं तेरावं उड्डाण म्हणजे ४१-जी, ऑक्टोबर १९८४. सात जण, त्यात सॅली राइड आणि कॅथरिन सलिव्हन, म्हणजे एकाच यानात दोन स्त्रिया पहिल्यांदा. कमांडर कोण? पुन्हा क्रिपेन! आणि उतरले पुन्हा १३ तारखेला, १३ ऑक्टोबर. फक्त वार शनिवार.

भाऊकाका_सातारा

शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत, आणि यांनी अख्खं यान आणलं.

तळटीप

काका, शटलचा सांगाडा ॲल्युमिनियमचा होता.